पुनरंकित टाकसाळ-चिन्हे

पुनरंकित टाकसाळ-चिन्हे : नाणे कोणत्या टाकसाळीत पाडले गेले हे दर्शविणारे अक्षर किंवा खूण ठशावर एकाहून अधिक वेळा ठोकली गेली आणि त्या आघातांच्या जागा तंतोतंत जुळल्या नाहीत, तर नाण्यावर ते चिन्ह दुहेरी किंवा तिहेरी उमटते. अशा चिन्हास पुनरंकित टाकसाळ-चिन्ह म्हणतात. संग्राहकांत ते ‘आरपीएम’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. अशी चिन्हे अनेक देशांच्या नाण्यांवर आढळत असली, तरी त्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नाण्यांच्या संदर्भात झाला आहे. नाणकशास्त्रात त्यांचे महत्त्व दुहेरी आहे. एकेका ठशाची ओळख त्यांवरून पटविता येते आणि ठसे तयार करणाऱ्या कार्यशाळेत प्रत्यक्ष काय घडले, याचा पुरावा त्यांतून मिळतो.

पुनरंकन हा एकट्या नाण्याचा नव्हे, तर ठशाचा विशेष होय. त्या ठशातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो त्याच जागी व त्याच स्वरूपात उमटतो. ठसा झिजला वा घासून गुळगुळीत केला गेला, तरच तो पुसट होतो. नाणे पाडताना किंवा नाणे बाहेर पडल्यानंतर झालेले बदल मात्र एकेका नाण्यापुरतेच असतात. म्हणून दुहेरी दिसणारे चिन्ह निर्मितीच्या कोणत्या टप्प्यावर दुहेरी झाले, हा त्याच्या ओळखीतील मूलभूत प्रश्न ठरतो.

टाकसाळ-चिन्हांची पार्श्वभूमी : नाण्यावर टाकसाळीची ओळख नोंदविण्याची प्रथा प्राचीन आहे. मोगल नाण्यांवर ‘जर्ब’ या शब्दासह टाकसाळीच्या गावाचे नाव असे, तर मराठेशाहीतील अंकुशी रुपया त्यावरील अंकुशाच्या खुणेने ओळखला जाई. नाण्याचे वजन किंवा धातूचा कस कमी भरल्यास जबाबदारी कोणाची, हे अशा खुणांमुळे ठरविता येत असे. अमेरिकेत फिलाडेल्फियाची टाकसाळ १७९२ मध्ये स्थापन झाली. १८३८ मध्ये शार्लट, डालोनेगा व न्यू ऑर्लीअन्स येथील शाखांतून नाणी पडू लागल्यावर त्यांवर अनुक्रमे सी, डी व ओ ही अक्षरे घालण्यात आली. पुढे सॅन फ्रान्सिस्को (१८५४) येथील नाण्यांवर एस, कार्सन सिटी (१८७०) येथील नाण्यांवर सीसी आणि डेन्व्हर (१९०६) येथील नाण्यांवर डी ही चिन्हे आली. डालोनेगाची टाकसाळ १८६१ मध्येच बंद पडल्याने डी या अक्षराविषयी संदिग्धता उरली नव्हती. मुख्य टाकसाळ असलेल्या फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर दीर्घकाळ कोणतेही चिन्ह नव्हते. पी हे अक्षर प्रथम दुसऱ्या महायुद्धकाळातील चांदीमिश्रित पाच सेंटच्या नाण्यांवर (१९४२–४५) आणि नंतर १९७९ पासून आले. १९६५ ते १९६७ या तीन वर्षांच्या नाण्यांवर टाकसाळ-चिन्हेच नाहीत.

ठसा तयार करण्याची पद्धती : नाण्यावरील चित्र व अक्षरे ज्या पोलादी ठशाने उमटतात, त्यावर ती उलटी व खोलगट असतात. असा प्रत्येक ठसा स्वतंत्रपणे कोरला जात नाही. मूळ नमुन्यापासून आधी उठावदार चित्र असलेले पोलादी साधन तयार करतात. त्यास हब म्हणतात. हब मऊ केलेल्या पोलादात दाबून प्रधान ठसा, त्यापासून कामाचे हब आणि कामाच्या हबपासून नाणी पाडण्याचे प्रत्यक्ष ठसे अशी ही साखळी असते. विसाव्या शतकातील बहुतेक काळ चित्र, लेख व वर्ष हे सर्व हबवरच असे. टाकसाळ-चिन्ह मात्र त्यावर नसे, कारण एकाच हबपासून सर्व टाकसाळींचे ठसे तयार व्हावयाचे असत. ठसे फिलाडेल्फियात बनत. तेथील कारागीर प्रत्येक ठशावर, तो कठीण करण्यापूर्वी, टोकाशी अक्षर असलेला बारीक पोलादी पंच ठेवून हातोडीने चिन्ह ठोकीत आणि मगच ठसा संबंधित टाकसाळीकडे रवाना होई.

पुनरंकनाचे मूळ या हातकामात आहे. पहिला ठोका हलका पडल्यास अक्षर पुरेसे खोल उमटत नसे. मग कारागीर पंच पुन्हा त्याच खळग्यात बसवून ठोका देई. पंच काटेकोरपणे बसला, तर दोन आघातांतील भेद उरत नसे. तो केसभर सरकला किंवा कलला, तर दुसऱ्या अक्षराची कड पहिल्याबाहेर राही. क्वचित पहिले अक्षर चुकीच्या जागी किंवा आडवे ठोकले जाई आणि नंतर त्याच्यावर अथवा शेजारी योग्य अक्षर ठोकून ठसा वापरात आणला जाई. घडविलेला ठसा मोडीत काढण्यापेक्षा अशी दुरुस्ती स्वस्त पडे.

प्रकार : पुनरंकित चिन्हांचे वर्गीकरण मुख्यतः दुय्यम म्हणजे अंधुक अक्षराच्या स्थानावरून केले जाते. मुख्य अक्षराच्या वर दिसणाऱ्या अवशेषास उत्तर, खाली दिसणाऱ्यास दक्षिण आणि उजव्या-डाव्या बाजूंस अनुक्रमे पूर्व व पश्चिम अशा दिशा लावतात. अवशेष तिरपा सरकलेला असल्यास ईशान्य, नैर्ऋत्य यांसारख्या उपदिशा वापरतात. पंच स्वतःभोवती किंचित फिरला असल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अथवा विरुद्ध दिशेने फिरलेले चिन्ह अशी नोंद करतात. दोन आघातांसाठी डी/डी, तीन आघातांसाठी डी/डी/डी असे लेखन रूढ आहे.

दोन अक्षरांतील अंतर बहुधा अत्यल्प असते. तथापि १९५६ च्या डेन्व्हर येथील एका सेंटच्या ठशावर पहिला डी दुसऱ्याच्या खाली जवळजवळ सुटा उभा आहे. १९०९ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील लिंकन सेंटच्या एका प्रकारात आधी आडवा ठोकलेला एस उभ्या एसच्या वळणांतून डोकावतो. १९४२ च्या डेन्व्हर येथील पाच सेंटच्या एका प्रकारात उभ्या डीखाली आडवा डी आहे. आडव्या अक्षरांची ही उदाहरणे विशेष उद्‌बोधक आहेत; कारण नाणे पाडताना होणाऱ्या कोणत्याही हालचालीमुळे उभ्या अक्षराखाली त्याचेच आडवे रूप उमटणे शक्य नसते.

चिन्हांतर : एका टाकसाळीच्या चिन्हावर दुसऱ्या टाकसाळीचे चिन्ह ठोकलेले असल्यास त्यास चिन्हांतर म्हणता येईल. यात कारागिराच्या हाताबरोबरच प्रशासनाच्या निर्णयाचाही मागोवा मिळतो. कार्सन सिटीच्या टाकसाळीत १८९३ नंतर नाणी पडली नाहीत आणि १८९९ मध्ये तिचा टाकसाळीचा दर्जाही काढून घेण्यात आला. तेथील मॉर्गन डॉलरच्या मागील बाजूचे काही ठसे फिलाडेल्फियात परत आले आणि सीसीवर ओ ठोकून ते न्यू ऑर्लीअन्सला देण्यात आले. १९०० च्या काही न्यू ऑर्लीअन्स डॉलरवर ओच्या दोन्ही अंगांना सीसीचे अवशेष दिसतात, ते त्यामुळेच. १९३८ मध्ये बफेलो निकेल या पाच सेंटच्या नाण्याचे अखेरचे उत्पादन एकट्या डेन्व्हरमध्ये झाले. सॅन फ्रान्सिस्कोसाठी एस ठोकून तयार असलेल्या ठशांवर तेव्हा डी ठोकण्यात आला. ही डी/एस नाणी चलनात असूनही त्यांतील एसकडे संग्राहकांचे लक्ष वेधले गेले ते १९६२ मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील नाणी पाडण्याचे काम थांबविण्यात आले. त्या वर्षीच्या डेन्व्हर येथील पाच सेंटच्या काही नाण्यांवरही डीखाली एस आढळतो. १९५० च्या पाव डॉलरमध्ये डीखाली एस आणि एसखाली डी असे दोन्ही प्रकार ज्ञात आहेत. त्यावरून ठशांचा बदल एकाच दिशेने होत नसे, हेही स्पष्ट होते.

ओळखण्याची पद्धती : परीक्षणासाठी सामान्यतः पाच ते दहा पट विवर्धनाचे भिंग पुरेसे असते; शंकास्पद नमुन्यांसाठी द्विनेत्री सूक्ष्मदर्शक वापरतात. प्रकाश एकाच बाजूने व तिरपा पाडून नाणे हळूहळू फिरवीत पाहणे आवश्यक असते. एका स्थितीत दिसलेली आणि नाणे फिरविताच नाहीशी होणारी रेषा बहुधा सावली किंवा परावर्तन असते.

प्रथम मुख्य अक्षराचे मूळ वळण निश्चित करतात. त्यानंतर अक्षराच्या टोकांवरील आडव्या पट्ट्या दुभंगलेल्या आहेत काय, डीच्या पोकळीत दुसरा दंड वा कमान आहे काय, एसच्या वळणात परके टोक दिसते काय, हे पाहतात. अस्सल पुनरंकनात दुय्यम अक्षर नाण्याच्या पृष्ठभागावरून वर उठलेले व गोलसर कडांचे असते आणि त्याचा सुटा भाग मूळ अक्षराच्या आकाराशी जुळतो. दुय्यम खूण केवळ ‘काहीतरी जास्तीचे’ असून चालत नाही. ती त्या पंचाच्या अक्षराचाच अंश आहे, हे दाखविता आले पाहिजे. चिन्हांतराच्या बाबतीत ही अट अधिकच कडक ठरते, कारण डीच्या आत दिसणारा ठिपका एसचा अंश असेलच असे नाही.

कोणते अक्षर आधी ठोकले, हे केवळ उंचीवरून ठरविणे धोक्याचे असते. ठशात जो खळगा अधिक खोल, तो नाण्यावर अधिक उंच दिसतो आणि पहिला ठोका दुसऱ्याहून जोरदार असणे शक्य असते. म्हणून पूर्ण व सुस्पष्ट अक्षर कोणते, त्याचे स्थान नेहमीच्या जागेशी जुळते काय, आणि नाणे कोणत्या टाकसाळीच्या नावे वितरित झाले, या गोष्टी एकत्र विचारात घेतात.

अखेरची कसोटी म्हणजे पुनरावृत्ती. तीच दुहेरी खूण दुसऱ्या नाण्यावर त्याच जागी सापडली आणि त्यासोबत ठशावरील ओरखडे, तडे किंवा टवके यांच्या खुणाही दोहोंवर जुळल्या, तर दोन्ही नाणी एकाच ठशातून पडली आणि खूण ठशावरच होती, असे म्हणता येते. ठसा वापरात असताना हे तडे वाढत जातात. त्यामुळे एकाच ठशातून पडलेल्या नाण्यांचा आधीचा, मधला व अखेरचा असा क्रमही लावता येतो.

फसवी साम्ये : पुनरंकनाशी सर्वाधिक गल्लत होते ती टंकनजन्य दुहेरीपणाची. आघाताच्या क्षणी ठसा यंत्रात किंचित सैल असेल, तर तो उमटलेल्या अक्षरांवर पुन्हा सरकून त्यांची एक बाजू चेपतो. त्यामुळे अक्षराशेजारी सपाट, चकचकीत व पायरीसारखी कड तयार होते. येथे धातूची भर पडत नाही. मूळ अक्षरच चेपून अरुंद होते आणि त्याची टोके स्वच्छ दुभंगत नाहीत. शिवाय ही कड बहुधा वर्षाच्या आकड्यांवर व शेजारच्या लेखावरही त्याच दिशेने दिसते. लिंकन सेंटवर टाकसाळ-चिन्ह वर्षाच्या लगेच खाली असल्याने दोहोंची तुलना सोपी जाते. वर्ष एकेरी व चिन्ह दुहेरी असल्यास पुनरंकनाची शक्यता वाढते. दोन्ही सारख्याच सपाट पायरीने दुहेरी असल्यास ती जवळजवळ मावळते.

दुसरा प्रकार द्विरुक्त ठशाचा. हब ठशात एकाहून अधिक वेळा दाबताना दोन्ही दाब जुळले नाहीत, तर हबवरील चित्र व लेख दुहेरी होतात. चिन्ह नंतर स्वतंत्रपणे ठोकले जात असल्याने ते मात्र एकेरीच राहते. १९६९ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रसिद्ध द्विरुक्त सेंटवर वर्ष व लेख ठळक दुहेरी असून एस एकेरी आहे. त्या वर्षाच्या सेंटवर वर्षाबरोबर एसही पायरीसारखा दुहेरी दिसत असेल, तर ते नाणे त्या दुर्मिळ प्रकारातील नसून टंकनजन्य दुहेरीपणाचे असते. बाजारात या दोहोंच्या किमतींत प्रचंड तफावत असल्याने हा भेद केवळ शास्त्रीय राहत नाही. क्वचित दोन्ही प्रमाद एकाच ठशावर एकत्र येतात. १९६० च्या डेन्व्हर येथील सेंटच्या एका ठशावर मोठ्या आकड्यांच्या वर्षावर लहान आकड्यांचे वर्ष उमटले आहे आणि डीही पुनरंकित आहे. यांतील पहिला दोष हबच्या दाबाचा, तर दुसरा पंचाच्या ठोक्याचा असून एकावरून दुसऱ्याचे अनुमान करता येत नाही.

याखेरीज झिजलेल्या ठशामुळे अक्षरांच्या कडा फुगून धूसर प्रतिमा दिसते. ठशाचा टवका उडाल्यास नाण्यावर त्या जागी अनियमित उंचवटा येतो. १९८२ पासूनच्या, तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या जस्ताच्या सेंटवर अक्षराच्या कडेने मुलामा फाटून करड्या जस्ताची रेष उघडी पडते आणि ती दुसऱ्या अक्षराचा भास निर्माण करते. चलनातील ठोकर, चिमटा किंवा घासणी यांमुळेही धातू सरकतो. मात्र असा धातू पृष्ठभागातून उठलेला नसून ओढला गेलेला असतो.

बनावट चिन्हे : टाकसाळ-चिन्हावर किंमत अवलंबून असल्याने ते बनावट रीतीने जोडण्याचे किंवा बदलण्याचे प्रकार घडतात. १९०९ चा एस व व्ही. डी. बी. ही आद्याक्षरे असलेला सेंट आणि १९१६ चा डेन्व्हर येथील दहा सेंटचा डाइम ही याची परिचित लक्ष्ये होत. फिलाडेल्फियाच्या स्वस्त नाण्यावर सुटे अक्षर चिकटविले असल्यास त्याच्या बुडाशी सांधा दिसतो. अस्सल अक्षर पृष्ठभागातून अखंड वर येते. १९४४ च्या डेन्व्हर सेंटमधील पहिला चार खरवडून १९१४ चे दुर्मिळ नाणे भासविण्यात येते. अशा नाण्यावर एकोणीस व चौदा यांच्यामधील अंतर अवाजवी असते आणि लिंकनच्या खांद्यावर व्ही. डी. बी. ही आद्याक्षरे दिसतात. ती तेथे १९१८ मध्ये आली असल्याने १९१४ च्या अस्सल नाण्यावर असूच शकत नाहीत. ज्ञात अस्सल ठशांवरील चिन्हाचे स्थान, कल व पुनरंकन यांच्या नोंदी असल्यास अशी फसवणूक उघडकीस आणणे सुलभ होते. ठशांच्या सूक्ष्म अभ्यासाचा हा सर्वांत व्यावहारिक उपयोग होय.

नोंद व मूल्य : जॉन वेक्सलर व टॉम मिलर यांचा या विषयाला वाहिलेला ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दोषयुक्त नाण्यांच्या संग्राहकांच्या दोन संघटना एकत्र येऊन ‘कोनेका’ ही संस्था निर्माण झाली. प्रत्येक पुनरंकित ठशास नाण्याचा प्रकार, वर्ष व टाकसाळ यांनुसार क्रमांक देण्याची तिची पद्धत रूढ झाली आहे. नंतरच्या परीक्षणात न टिकलेल्या काही नोंदी यादीतून वगळल्याही जातात. त्यामुळे यादीतील क्रमांक हा अंतिम निर्णय न मानता उपलब्ध पुराव्याचा निष्कर्ष मानणे योग्य ठरते.

पुनरंकित असणे म्हणजे दुर्मिळ असणे नव्हे. एका ठशातून लाखो नाणी पडू शकतात आणि एकट्या लिंकन सेंटचे असे शेकडो प्रकार नोंदले गेले आहेत. यांपैकी बहुसंख्य नाण्यांची किंमत सामान्य नाण्याहून फारशी वेगळी नसते. दुय्यम अक्षर भिंगाशिवाय दिसण्याइतके स्पष्ट असणे, नाणे कमी झिजलेले असणे आणि त्या प्रकारास संग्राहकांची मागणी असणे या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच मूल्य लक्षणीय वाढते.

पद्धतीचा शेवट : पंचाने चिन्ह ठोकण्याच्या पद्धतीत चिन्ह दोनदा उमटे, तसे ते क्वचित राहूनही जाई; १९८२ मधील पी नसलेला डाइम हे त्याचे उदाहरण होय. १९८५ पासून संग्राहकांसाठी खास पाडलेल्या प्रूफ नाण्यांचे चिन्ह प्रधान ठशातच समाविष्ट करण्यात आले. चलनातील एक व पाच सेंटच्या नाण्यांबाबत हा बदल १९९० मध्ये, तर दहा सेंट, पाव डॉलर व अर्धा डॉलर यांबाबत १९९१ मध्ये झाला. तेव्हापासून चिन्ह चित्राबरोबरच ठशात येत असल्याने रूढ अर्थाचे पुनरंकन शक्य राहिलेले नाही. या वर्षांनंतरच्या अमेरिकन नाण्यावर चिन्ह दुहेरी दिसल्यास त्याचे कारण द्विरुक्त ठसा, टंकनजन्य दुहेरीपणा, ठशाची झीज किंवा नाण्याची हानी यांत शोधावे लागते.

भारताशी संबंध : भारतातील टाकसाळींतही चिन्हांची परंपरा अखंड आहे. मुंबईत १९१८ मध्ये पाडलेल्या ब्रिटिश सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्यावर आय हे इंग्रजी अक्षर आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियासाठी मुंबईत पाडलेल्या १९४२ व १९४३ च्या पेनी व अर्ध्या पेनीवरही राजाच्या प्रतिमेखाली तेच अक्षर दिसते. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सामान्यतः वर्षाच्या खाली मुंबईसाठी हिऱ्याच्या आकाराची खूण, हैदराबादसाठी तारा व नोएडासाठी टिंब असते. कोलकात्याच्या नाण्यांवर सहसा खूण नसते. या नाण्यांवर दुहेरी खूण आढळल्यास परीक्षणाचा क्रम तोच राहतो. खूण त्या काळी ठशावर स्वतंत्रपणे ठोकली जात होती की हबवरूनच येत होती, हे आधी ठरवावे लागते. त्यानंतर शेजारचे वर्ष एकेरी आहे काय आणि तीच खूण त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावर आढळते काय, हे पडताळावे लागते. या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत अशा नाण्यास पुनरंकित म्हणता येत नाही.